ऑपरेशन मानेचं, मग कमरेचा फोटो कशाला

वस्ताद, पुढच्या आठवड्यात माझ्या मानेचं ऑपरेशन आहे. मानेचं म्हणजे मानेच्या अगदी वरच्या टोकाचं, कवटी संपते आणि मणका सुरू होतो तिथलं. ही जागा तुमच्याइतकी कुणी हाताळलेली नाही, माझ्या आईनंही नाही. ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं, तुम्ही तेवढे राहिलात. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होतो, आता रोज दाढी करायचा कंटाळा येण्याच्या वयाचा झालोय. एवढ्या वर्षांत तुमची आठवण आली ती बहुतेक भांडणात, कुणाची कॉलर धरली की. या महिन्यात मात्र डॉक्टरांसमोर बसून तुमचं नाव निघालं, तेही एकदा नाही.

आधी माझं सांगतो. मी दौंडला खोली घेऊन राहतो आणि कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट करतो. कॉलेज सुटलं. शिरूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. प्रॅक्टिकलला हातातून काचेची नळी दोनदा निसटली, तर सर सगळ्या मुलींसमोर म्हणाले, "पैलवान, हातात दम नसंल तर आखाड्यातच जा." मी जर्नल टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो ते परत गेलोच नाही. घरी सांगितलं सरांशी वाजलं म्हणून. मलाही तेच खरं वाटत होतं. नळी का निसटली हा प्रश्न ना सरांना पडला ना मला. डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या, पण त्या झोपेत हात अंगाखाली आल्यानंही येतात, असं धरून मी चालत होतो.

मग गेल्या उन्हाळ्यात कंपनीत एक गोष्ट झाली. रिअॅक्टरजवळ मी कागदावर रीडिंग लिहीत उभा होतो आणि डावा हात मागं पाइपवर टेकवलेला. स्टीमचा पाइप, त्यावरचं गुंडाळलेलं कापड त्या जागी उखडलेलं. बिहारचा एक ऑपरेटर आमच्यात आहे, तो माझ्याकडं बघत लांबूनच म्हणाला, "ए भाई, हाथ हटा। जल रहा है तेरा।" मी वळून बघितलं. तळहाताची कातडी पांढरी पडली होती आणि मला काही कळलं नव्हतं. पाइपचा स्पर्श कळत होता, वस्ताद. चटका कळत नव्हता. कंपनीच्या डॉक्टरांनी एका नळीत गरम पाणी, एका नळीत गार पाणी भरून हाताला लावलं आणि डोळे मिटून सांग म्हणाले. मी जोरात, न चाचरता उत्तरं दिली. निम्मी चुकली. त्यांनी पट्टी बांधली आणि पुण्याला पाठवलं.

पुण्यात एमआरआय झाला. ज्यांना दाखवायचं त्या मेंदूच्या सर्जन मॅडम होत्या, माझ्या मावशीच्या वयाच्या. त्यांनी पडद्यावर माझं डोकं उभं कापल्यासारखं दाखवलं. कवटीला खाली एक भोक असतं, त्यातून मणक्याची दोरी, म्हणजे मज्जारज्जू, खाली उतरते. माझ्या लहान मेंदूचा खालचा शेंडा त्या भोकातून खाली आलाय. कियारी मालफॉर्मेशन म्हणतात त्याला. त्यामुळं डोक्यातलं पाणी नीट ये-जा करत नाही आणि मानेतल्या दोरीच्या आत पाण्याची पिशवी झालीय. चटका कळत नाही तो त्या पिशवीमुळं. खोकलं, शिंकलं, हसलं की मानगुटीत कळ येते ती भोकात दाटी झाल्यामुळं. ऑपरेशन म्हणजे मागून थोडं हाड काढून ती जागा मोकळी करायची.

मी म्हणालो, "तारीख द्या. मी तयार आहे."

"तुम्ही तयार असाल, मी नाही," मॅडम म्हणाल्या. "आधी पूर्ण मणक्याचा एमआरआय करून या, कमरेपर्यंत. मान पुढं-मागं वाकवून एक्स-रे. डोळ्याचा पडदा तपासून घ्या. आणि पुढच्या वेळी मी तुमचे सांधे बघणार."

"ऑपरेशन मानेचं, मग कमरेचा फोटो कशाला?"

"मेंदू खाली आलाय हे मला दिसलं. का आलाय ते दिसलेलं नाही. जागाच लहान असेल तर जागा मोठी करून भागतं. पण खाली कमरेत दोरी अडकून मेंदूला खालून ओढ बसत असेल, किंवा डोक्यातलं पाणीच दाब देत असेल, किंवा मानेचे वरचे मणके एकमेकांवर घसरत असतील, तर नुसतं हाड काढून मी तुम्हाला बरं करणार नाही. कदाचित आहे त्याहून बिघडवून ठेवीन."

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी म्हणालो, "मॅडम, आमच्याकडं म्हणतात, टेस्ट वाढल्या की डॉक्टरचा वाटा वाढतो."

मला वाटलं हाकलतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आमच्याकडंही म्हणतात. तुम्हाला पाहिजे त्या गावात, पाहिजे त्या सेंटरला करा. मला फक्त फोटो दाखवा." आणि बाहेरच्या बाईंना म्हणाल्या, पुढचा पेशंट.

घाई कशाची होती ते तुम्हाला लिहायला लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाला लिहिणार. एक मुलगी आहे. आमच्याच कंपनीत लॅबमध्ये. तिची पहिली ओळख भांडणातूनच झाली. वर चढवलेला ड्रम मी लॅबचा रिपोर्ट यायच्या आत रिअॅक्टरमध्ये ओतायला घेतला होता, तर ती तीन जिने चढून वर आली, सेफ्टी शूज वाजवत. "रिपोर्ट आला का?" मी म्हणालो, "येईल की." ती म्हणाली, "मग ड्रमपण ओताल की. आत्ता खाली घ्या." माझ्याशी असं बोलणारं तुमच्यानंतर कुणी भेटलं नव्हतं. त्या दिवसापासून सॅम्पल द्यायला मी स्वतः जातो, हेल्परचं काम असलं तरी. ती आली नसली की माझं कामात लक्ष लागत नाही, आणि ती आली तर मग लागतच नाही. तिच्या घरी दिवाळीनंतर पाहुणे बघायला येणार होते. माझा हिशेब साधा होता. दिवाळीच्या आत ऑपरेशन उरकायचं, धडधाकट होऊन तिच्या वडलांपुढं उभं राहायचं. डोक्यात दुखणं घेऊन फिरणाऱ्याला, त्यात कॉलेज सोडलेल्याला, कोण मुलगी देतंय.

तर पुण्याहून आलो आणि कुरकुंभच्या चौकात चहाच्या टपरीवर तिला सगळं सांगितलं. मला वाटलं माझ्या बाजूनं बोलेल. तिनं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ड्रमला कंपनीचं सील असतं, लेबल असतं, सोबत सर्टिफिकेट असतं. तरी आम्ही प्रत्येक लॉट उघडून बघतो. का बघतो?"

"तुमचा पगार त्याचा हाय म्हणून."

"एकदा आत गेलेलं बाहेर काढता येत नाही म्हणून. तुझी मान ड्रमपेक्षा स्वस्त हाय व्हय?"

मी तिथंच आवाज चढवला. टपरीवाला भांडी धुवायचं थांबला. मी म्हणालो, तुला वेळ काढायचाय, तोवर घरचे दुसरा बघतील आणि तू सुटशील. तिनं ग्लास खाली ठेवला. "सुटायचं असतं तर तारीख घे म्हणाले असते," एवढं बोलून ती बसकडं गेली. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसली आणि तिनं खिडकीतून एकदाही बघितलं नाही. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून कमरेचा फोटो काढायला गेलो. पटलं म्हणून गेलो असं नाही. ती बोलेना म्हणून गेलो.

आता तुमचा भाग येतो. सगळे फोटो घेऊन परत गेलो, या वेळी ती सोबत होती; फोटो काढल्याचं कळल्यावर पुन्हा बोलायला लागली होती. मॅडमनी मला उभं केलं आणि म्हणाल्या, "अंगठा मनगटाकडं किती येतो बघू." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा अंगठा मनगटाला टेकला होता. करंगळी मागं, पार नव्वद अंशांच्या पलीकडं. कोपर उलटं, गुडघा उलटा, खाली वाकून दोन्ही तळहात सपाट फरशीवर. शाळेच्या गॅदरिंगला असल्यासारखा मी करत गेलो. मॅडम लिहीत होत्या. मी म्हणालो, "अजून दाखवू का?"

"नको. पुरे."

"चांगलं आहे ना मॅडम?"

"पैलवानाला चांगलं असेल. मला काळजीत टाकतं."

मी सांगितलं, यावरच तर मला तालमीत घेतलं होतं. आणि खरंच तसंच झालं होतं. केंदूरच्या तालमीसमोर शाळा सुटल्यावर आम्ही पोरं रांगेत उभे आहोत. तुम्ही एकेकाचा हात धरताय, शिरूरच्या बाजारात बायका भेंडीचं टोक मोडून बघतात तशी बोटं मागं वाकवून बघताय. कुणी ओरडतं, कुणी हात ओढून घेतं. माझी बोटं मागं गेली, गेली, आणि मी तुमच्याकडं नुसता बघत राहिलो. तुम्ही म्हणालात, "आरं, ह्यो तर वेत हाय. ह्यो मोडायचा न्हाई." नंतर कुणी पाहुणा, कुणी सरपंच, कारखान्याचा कुणी संचालक तालमीत आला की तुम्ही मला बोलवायचात. "वाकीव रं." मी कमरेतून मागं वाकून टाचा धरायचो आणि तुम्ही पाहुण्याकडं असे बघायचात की जसं काय ते तुम्ही स्वतःच केलंय. घरी माझं कौतुक करणारं कुणी नव्हतं. तुमच्या त्या बघण्यासाठी मी काहीही वाकवलं असतं. मॅटवरच्या कुस्त्या सुरू झाल्या तेव्हा तुम्ही मॅटला शिव्या देत होता, सतरंजीवर लोळायचा खेळ म्हणत होता, आणि त्याच आठवड्यात शिरूरहून माझ्यासाठी बूट घेऊन आलात. एक माप मोठे. म्हणालात, "पाय वाढंल." पाय तेवढा वाढला नाही. मी पुढं कापूस कोंबून वापरले.

आणि ती कमान. डोक्याचा माथा मातीत टेकवायचा, पाय मागं, सगळं अंग मानेवर तोलून पुढं-मागं डुलायचं. तेव्हाच कळ यायला लागली होती. एकदा जोडीदारानं काहीतरी चावट सांगितलं, मी हसलो आणि मानगूट धरून खालीच बसलो. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं दुखतंय. तुम्ही म्हणालात, "मान कच्ची हाय तुजी. मानंचं दुखणं मानंनंच जातंय. चल, कमान कर." दुसऱ्यांना पन्नास डुल, मला शंभर. वर तेलानं रगडायचात आणि शेवटी हनुवटी धरून कट्दिशी मान फिरवायचात, एकदा इकडं, एकदा तिकडं. तासभर बरं वाटायचं. हे तुम्ही मायेनं करत होता. गावात सगळे असंच करतात, न्हावीपण दाढी झाली की मान मोडून देतो आणि लोक त्याला बरंच म्हणतात. मीही दौंडला आठवड्याला मोडून घेत होतो, पार गेल्या महिन्यापर्यंत. ते ऐकून मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आजपासून तुमच्या मानेला कुणी हात लावणार नाही. मी सोडून."

मी त्यांना सरळ विचारलं, कमानीमुळं झालं का हे. खरं सांगतो वस्ताद, त्यांनी हो म्हणावं असं मला वाटत होतं. इतकी वर्षं हातातून वस्तू निसटल्या, कॉलेज निसटलं, त्याचा राग धरायला एक माणूस मिळाला असता. त्या म्हणाल्या, "कवटीतली जागा लहान असणं बहुतेक वेळा जन्मापासूनचं. सांध्यांचा सैलपणाही जन्माचा. कमानीनं ते आणलं नाही. सैल सांध्यांवर इतकं वजन पडलं, त्यानं काही वाढलं का, ते मी छातीठोक सांगू शकत नाही." म्हणजे राग धरायला अर्धाच माणूस मिळाला. त्या अर्ध्या रागाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्यासमोर असतो तर भांडलो असतो, आणि तुम्ही मुळीच ऐकून घेतलं नसतं, आणि मग तुमच्या घरातून काकींनी दोघांना चहा दिला असता.

फोटोंचं असं निघालं. कमरेत काही नाही, दोरी मोकळी आहे. डोळ्याच्या पडद्यावर दाब नाही. पण मानेचे दोन एक्स-रे मॅडमनी शेजारी-शेजारी लावले, एक मान पुढं वाकवून, एक मागं. वरचे दोन मणके एकात एका जागी होते, दुसऱ्यात दुसऱ्या. मलासुद्धा दिसलं. खाली वाकलो की वरचा मणका पुढं घसरतोय आणि तिथंच दोरीला दाबतोय. मॅडम म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तुम्ही मागितली होती ती तारीख दिली असती, तर मी मागचं हाड काढलं असतं, आणि हे आधीच सैल असलेलं अजून सैल झालं असतं." आता ते दोन मणके स्क्रू घालून एकमेकांना बांधायचे आणि मग जागा मोकळी करायची. मी विचारलं मान किती फिरेल. डावीकडं-उजवीकडं साधारण अर्धी, म्हणाल्या. चटका परत कळायला लागेल का, विचारलं. सांगता येत नाही. गेलेलं सगळं परत येतंच असं नाही, आहे ते राखायचं हा पहिला हेतू. आणि नाही केलं तर? हाताची ताकद कधी जाईल, चालताना तोल कधी जाईल, तेही सांगता येत नाही. एखाद्या वेळी जोरात पडलात, गाडीवरून आपटलात, तर मात्र वाईट होऊ शकतं.

माझं डोकं 'अर्धी' या शब्दावरच अडकलं होतं. ती शेजारच्या खुर्चीवरून म्हणाली, "अर्धीच फिरणार ना? बरंय. इकडंतिकडं बघणं बंद होईल." मॅडम हसल्या, मीही हसलो, आणि हसल्यामुळं मानगूट धरून बसलो. मॅडम म्हणाल्या घाई नाही, घरी जा, विचार करून या.

घरी जाऊन मी तुमचाच विचार करत होतो. तुमच्या पायाला साखरेनं जखम झाली, काळी पडली, आणि शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले गुडघ्याखाली काढावा लागेल. आम्ही तालमीतली सगळी पोरं कॉटभोवती उभी. तुम्ही म्हणालात, "एका पायाचा वस्ताद बघितलाय का रं कुणी?" आणि आम्ही सगळे, मी धरून, अभिमानानं फुगलो. डॉक्टरांना कुणी आत येऊ दिलं नाही. कुणीतरी म्हणालं, वाघ हाय वाघ. तुम्ही मग महिनाभरही राहिला नाहीत. ती गोष्ट मी कॉलेजात किती जणांना सांगितलीय, हॉस्टेलवर, कंपनीत, तिलासुद्धा सांगितली, चहाच्या टपरीवर, ओळख नवी असताना. तिला आवडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "त्यांच्या बायको तिथं होत्या का?" मी म्हणालो होत्या. "त्या काय म्हणाल्या?" मला आठवेना. काकी पायथ्याशी बसल्या होत्या, तुमच्या चांगल्या पायाची बोटं पदरानं पुसत होत्या, एवढं आता आठवतं. त्या काही बोलल्या का, त्यांना बोलायचं होतं का, आमच्यापैकी कुणी त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं. एका पायाचे तुम्ही खुर्चीवर बसून आम्हाला शिव्या घालत राहिला असता, तर आम्ही तेही ऐकलं असतं. हे मला तेव्हा कुणी सांगायला पाहिजे होतं. तुम्हाला तर पाहिजेच होतं.

तिच्या घरचं विचाराल तर तिनंच सांगितलं तिकडं, मला न विचारता. तिचे वडील रेल्वेत होते, आता घरी असतात. म्हणाले, आधी ऑपरेशन होऊ दे, मग बघू. यात होकार नाही आणि नकारही नाही. पाहुणे मात्र त्यांनी पुढं ढकललेत. शिफ्ट इन्चार्ज म्हणतो, परत आल्यावर तुला पॅनेल रूममध्ये बसवतो, वर चढायचं काम नको. आईला मी मेंदूचं म्हणून सांगितलं नाही, मणक्याचं म्हणून सांगितलंय. ते खोटं नाही.

हे पत्र केंदूरला जाऊन काकींना देता आलं असतं. त्यांना वाचता येतं, पण चष्म्यानंही नीट दिसत नाही, म्हणून त्या शेजारच्या कुणाकडून तरी वाचून घेतील, आणि पायथ्याशी बसल्या होत्या ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकतील. तसं नको. राहू दे माझ्याजवळच.

एक मात्र तुम्हाला सांगून ठेवतो, कारण बाकी सगळ्यांना मी उलटं सांगितलंय. आईला, इन्चार्जला, सगळ्यांना मी म्हणालो की चार दिवस विचार केला आणि मीच ठरवलं. तसं झालं नाही. मॅडमनी विचारलं, काय ठरवलंत, तेव्हा मी नाही म्हणणार होतो. अर्ध्या मानेनं जगायला मी काय बुजगावणं आहे, असं वाक्यही तयार होतं, तुमच्याच थाटात. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "अॅडमिट कधी व्हायचं?" मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. माझा होकार म्हणजे तेवढाच आहे, वस्ताद.